कॅज्युअल्टीतली परिचारिका : काम, शिक्षण आणि समाधान





काही दिवसांपूर्वी उपासना संपल्यावर एक आई आपल्या मुलीला घेऊन माझ्याजवळ आल्या. मुलगी बारावीला आहे. आई म्हणाल्या, "सिस्टर, हिला नर्स व्हायचंय. पण तुमच्यासारखं कॅज्युअल्टीत नको. रक्त, रडारड, रात्रपाळी. त्यात कसलं समाधान?" चर्चच्या पायरीवर उभे राहून याचे उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून इथे लिहीत आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी भागात तातडीच्या विभागात काम करते. सुरत-धुळे महामार्गावरचे अपघात, पावसाळ्यातले सर्पदंश, शेतीचे औषध प्यालेले तरुण, पाड्यावरून उशिरा निघालेली बाळंतीण, चुलीवर भाजलेले लेकरू हे सारे आधी आमच्या दारी येतात. डॉक्टर एक, रुग्ण अनेक. अशा वेळी पहिला कोणाला घ्यायचा, हे ठरवणे परिचारिकेचे पहिले काम असते. त्याला ट्रायाज म्हणतात. श्वास, नाडी, शुद्ध आणि रक्तस्राव पाहून रुग्णाला लाल, पिवळा किंवा हिरवा ठरवायचे. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा लाल नसतो, कारण ओरडायला श्वास लागतो. गप्प पडलेल्याकडे आधी पाहायचे.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकले एका चुकीतून. नोकरीचे पहिले वर्ष होते. पहाटे एक बाप आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. पोटात दुखते, एवढीच तक्रार. अंगावर कुठे जखम नाही, ताप नाही. त्याच वेळी जीप उलटून सहाजण आले होते. मी मुलाला बाकावर बसवले. अर्ध्या तासाने बाप म्हणाला, "बाई, पोरगा डोळे उघडत नाही." तो झोपला नव्हता. त्याच्या पापण्या उचलल्या जात नव्हत्या. रात्री जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावली होती.

मण्यारीचा दात इतका बारीक असतो की खूण दिसत नाही, सूज येत नाही. आधी पोट दुखते, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. विषाने नसांची टोके बिघडली की लस देऊनही लगेच गुण येत नाही. तोवर श्वास देत राहावा लागतो. त्या मुलाच्या घशात डॉक्टरांनी नळी घातली आणि आम्ही पाळीपाळीने हाताने अंबू बॅग दाबत राहिलो. त्याचा बापही शिकला आणि दाबू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाने बोट हलवले. देवाची स्तुती असो, तो चालत घरी गेला. पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोटदुखीचा रुग्ण आला की मी आधी विचारते, "रात्री कुठे झोपला होतास?" आणि त्याला वर बघायला सांगते.

परिचारिकेच्या हातात किती असते, ते यावरून कळेल. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग तिरके करून पाहायचे. ही तपासणी आम्ही करतो. विषारी औषध अंगावर सांडलेल्या रुग्णाचे कपडे काढून त्याला साबणपाण्याने धुणे, लस चालू असताना अंगावर पित्त उठते का, रक्तदाब घसरतो का, यावर नजर ठेवणे, हेही आमचेच काम. आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना त्यांच्या बोलीत काय चालले आहे ते सांगणे. इथेच आपल्या मुलींची खरी गरज आहे. आजीला मावची किंवा भिली भाषेत धीर देणारी नर्स असली, की आजी भगताकडे परत जायचे म्हणत नाही.

आता शिक्षणाविषयी. बारावीनंतर ए.एन.एम. 2 वर्षांचा, जी.एन.एम. 3 वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे 2 वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. कॅज्युअल्टीत यायचे तर आधी वॉर्डात वर्षभर हात बसू द्यावा. मग जीवरक्षक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यावे. अनुसूचित जमातीच्या मुलींना शिष्यवृत्ती आहे, पण जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. त्याची तयारी अकरावीतच सुरू करा.

कठीण काय, तेही सांगते. सण दवाखान्यात जातात. पाठ दुखते. दारू प्यालेले लोक अंगावर येतात. सगळे प्रयत्न करूनही काही लेकरे हातातून जातात आणि लगेच पुढच्या रुग्णाकडे वळावे लागते. पहिली काही वर्षे मी घरी जाऊन कोणाशी बोलत नसे. ते चुकले. आता ड्युटी संपल्यावर आम्ही सर्वजणी दहा मिनिटे बसतो, काय झाले ते बोलतो, प्रार्थना करतो आणि मग घरी जातो. याच सवयीने मला या कामात टिकवले.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तो वाटेवर थांबला, त्याने जखमा बांधल्या आणि नंतरची सोयही केली. आमचे काम तेवढेच आहे. वाटेवर पडलेला माणूस कोणत्या पाड्याचा, कोणत्या धर्माचा, हे आम्ही विचारत नाही.

तेव्हा त्या आईला माझे उत्तर असे : ताई, समाधान आहे, पण ते रोज मिळत नाही. ते त्या मुलाच्या हललेल्या बोटासारखे असते. रात्रभर श्वास देत राहिल्यावर येते.

आपल्या मंडळीत अशी एखादी मुलगी असेल तर तिला धीर द्या. तिच्या वसतिगृहाचा, पुस्तकांचा, गणवेशाचा भार दोन-तीन कुटुंबांनी मिळून उचलला तरी पुरे. आणि आजपासून एक करा : पावसाळ्यात आपली लेकरे जमिनीवर झोपत असतील तर त्यांना खाट आणि मच्छरदाणी द्या. साप चावलाच तर कापू नका, घट्ट बांधू नका, चालवू नका. 108 ला फोन करा आणि थेट दवाखान्यात आणा. आम्ही जागेच असतो.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक भगिनी