सार्वजनिक वाहतूक संस्थांचे वार्षिक अग्रक्रम

सार्वजनिक वाहतूक संस्थेचा वार्षिक अग्रक्रम म्हणजे येत्या आर्थिक वर्षात कोणती कामे आधी हाती घ्यायची, कोणती चालू ठेवायची आणि कोणती पुढे ढकलायची, याविषयी त्या संस्थेने घेतलेला निर्णय. हा निर्णय बहुधा स्वतंत्र दस्तऐवजाच्या रूपात नसतो. तो अर्थसंकल्पात, कामांच्या मंजूर यादीत किंवा संचालक मंडळाच्या ठरावांत विखुरलेला असतो. शहर बससेवा, उपनगरी रेल्वे, मेट्रो अशा रोजच्या प्रवासाशी संबंधित सर्व संस्थांना तो दरवर्षी घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात ही पद्धत मुख्यतः मुंबईची उपनगरी रेल्वे आणि बेस्ट उपक्रम यांच्या उदाहरणांनी स्पष्ट केली आहे.

स्वरूप

वाहतूक संस्थेचा खर्च महसुली आणि भांडवली असा विभागला जातो. वेतन, इंधन किंवा वीज, देखभाल, कर्जावरील व्याज आणि निवृत्तिवेतनाची देणी हा महसुली खर्च होय. नव्या गाड्या, आगारे, पूल, फलाट, सिग्नल यंत्रणा यांवरील खर्च भांडवली असतो. अग्रक्रमाची चर्चा भांडवली कामांभोवती होत असली, तरी उपलब्ध पैशावर पहिला हक्क महसुली खर्चाचा असतो. वेतन एक महिना थांबले तर सेवा बंद पडते. बसची खरेदी एक वर्ष थांबली तर त्या वर्षी फारसे काहीच दिसत नाही. यामुळे आर्थिक ओढाताणीच्या काळात पुढे ढकलली जातात ती जवळजवळ नेहमी भांडवली कामेच.

भांडवली कामांतही आधीच्या वर्षांत सुरू झालेल्या कामांची देणी प्रथम भागवावी लागतात. कंत्राट दिलेले असते, निम्मे बांधकाम झालेले असते, ते सोडून देणे महाग पडते. नव्या कामांसाठी उरतो तो शेष. परिणामी यादीत नाव असणे आणि काम प्रत्यक्षात होणे यांत मोठे अंतर पडू शकते. भारतीय रेल्वेच्या कामांच्या यादीत काही कामांपुढे वर्षाकाठी केवळ एक हजार रुपयांची नाममात्र तरतूद दाखवण्याची जुनी प्रथा आहे. अशा तरतुदीने काम यादीत जिवंत राहते. पुढे सरकत मात्र नाही.

या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९९१ च्या भूपृष्ठ वाहतूकविषयक कायद्याने महानगर नियोजन संस्थांवर एक बंधन घातले. त्यांच्या वाहतूक सुधारणा कार्यक्रमात केवळ तेच प्रकल्प घेता येतात, ज्यांसाठी पैसा उपलब्ध आहे किंवा उपलब्ध होईल असे सकारण दाखवता येते. सध्याच्या नियमांनुसार हा कार्यक्रम किमान चार वर्षांचा असतो. भारतातील शहर वाहतूक संस्थांना असे काटेकोर बहुवार्षिक बंधन नाही; येथे वार्षिक अर्थसंकल्प हेच नियंत्रणाचे प्रमुख साधन आहे.

कामाचा वर्ग : परळचा पादचारी पूल

एखाद्या कामाला कोणता क्रमांक मिळेल हे त्याच्या उपयुक्ततेइतकेच ते कोणत्या वर्गात घातले आहे यावर अवलंबून असते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतील एक प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

रेल्वेतील कामांचे प्रस्ताव विभागीय कार्यालयाकडून क्षेत्रीय मुख्यालयाकडे आणि तेथून रेल्वे मंडळाकडे जातात. ठरावीक मर्यादेपर्यंतची कामे क्षेत्रीय रेल्वेचे महाव्यवस्थापक स्वतःच्या अधिकारात मंजूर करतात. मोठ्या कामांची क्षेत्रवार यादी केंद्रीय अर्थसंकल्पानंतर प्रसिद्ध होते. ती ‘पिंक बुक’ या नावाने ओळखली जाते. प्रत्येक कामाचा मंजूर खर्च, आजवर झालेला खर्च आणि चालू वर्षाची तरतूद तीत दिलेली असते. कामांची विभागणी शीर्षांनुसार केलेली असते : नवे मार्ग, दुहेरीकरण, रूळ नूतनीकरण, प्रवासी सुविधा इत्यादी.

मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (जुलै २०१८ पासून प्रभादेवी) ही स्थानके एका अरुंद पादचारी पुलाने जोडलेली होती. गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिल्यावर या भागात उतरणाऱ्यांची संख्या आणि दिशा दोन्ही बदलल्या. पूल तोच राहिला. प्रवाशांनी व लोकप्रतिनिधींनी रुंद पुलाची मागणी वारंवार केली होती. असा पूल मंजूरही झालेला होता आणि त्याच्या निविदेची प्रक्रिया चालू होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसामुळे प्रवासी पुलाच्या जिन्यावर खोळंबले असताना चेंगराचेंगरी झाली आणि तीत २३ जणांचा मृत्यू झाला.

दुर्घटनेनंतर रेल्वे मंत्रालयाने वर्गीकरणात बदल केला. तोपर्यंत स्थानकावरील पहिला पादचारी पूल आवश्यक मानला जाई. त्यानंतरचे पूल मात्र ‘प्रवासी सुविधा’ या वर्गात मोडत. म्हणजेच बाके, पाणपोया आणि छपरे यांच्याबरोबर त्यांना निधीसाठी रांगेत उभे राहावे लागे. नव्या निर्णयाने पादचारी पूल सुरक्षेच्या अनिवार्य कामांत गणले जाऊ लागले आणि सुरक्षेच्या कामांवर खर्च करण्याचे महाव्यवस्थापकांचे अधिकार वाढवण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस परळ, करी रोड आणि आंबिवली येथील पूल लष्कराकडून बांधून घेण्याचे जाहीर झाले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते खुले झाले. पूल बांधण्याचे तंत्र किंवा त्याची गरज या पाच महिन्यांत बदललेली नव्हती. बदलला होता तो यादीतला त्याचा वर्ग. नेहमीच्या निविदा पद्धतीला बगल देऊन नागरी कामासाठी लष्कर बोलावल्याबद्दल त्या वेळी टीकाही झाली.

बेस्ट उपक्रम

बेस्ट हा बृहन्मुंबई महानगरपालिकेचा उपक्रम आहे. मुंबईत मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीज व वाहतूक चालवणारी खासगी कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली. उपक्रमाचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पाचा भाग असून त्याला ‘अर्थसंकल्पीय अंदाज क’ असे म्हणतात. महाव्यवस्थापक तो तयार करून ऑक्टोबरमध्ये बेस्ट समितीला सादर करतात. समिती सतरा सदस्यांची असते. स्थायी समितीचे अध्यक्ष तिचे पदसिद्ध सदस्य असतात. इतर सदस्य महापालिका नेमते आणि ते नगरसेवकच असले पाहिजेत असे नाही. वाहतूक, वीज, अभियांत्रिकी, वित्त किंवा कामगार प्रश्न यांचा अनुभव असलेली व्यक्तीही सदस्य होऊ शकते. समितीनंतर अंदाज स्थायी समितीकडे आणि शेवटी महापालिकेच्या सभेकडे जातो. बसमार्ग, थांब्यावरचे निवारे, आगारातील कर्मचाऱ्यांच्या सोयी, गाड्यांची खरेदी या सर्वांवरील चर्चा याच टप्प्यांत होते.

कायद्यानुसार हा अंदाज तुटीचा असून चालत नाही. वर्षअखेर किमान एक लाख रुपयांची शिल्लक दाखवावी लागते. वीज विभागाच्या नफ्यातून वाहतूक विभागाची तूट भागत होती तोवर ही अट जाचक नव्हती. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजदर नियामक आयोगाच्या कक्षेत आले. वाहतुकीची तूट वीजग्राहकांकडून वसूल करण्याची मुभा काही काळ होती, पुढे तीही बंद झाली. त्यानंतर उपक्रमाने तुटीचे अंदाज मांडणे आणि महापालिकेने ते परत पाठवणे असे प्रसंग घडले. अंदाज परत गेल्याने तूट नाहीशी होत नसे. ती भरून काढण्यासाठी महापालिकेने आधी कर्जे आणि मग अनुदाने दिली.

ताफ्याचा प्रश्न

बेस्टच्या बसचे आयुर्मान पंधरा वर्षे धरले जाते. या हिशेबाने चार हजार गाड्यांचा ताफा कायम ठेवायचा तर दरवर्षी सरासरी २६० ते २७० नव्या गाड्या घ्याव्या लागतात. एका वर्षाची खरेदी चुकली तर तिचा परिणाम तत्काळ जाणवत नाही, पण पंधरा वर्षांनी त्याच पिढीच्या गाड्या एकदम मोडीत निघतात तेव्हा पोकळी उघड होते. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून बेस्टला मोठ्या संख्येने गाड्या एकाच सुमारास मिळाल्या होत्या. त्यांची निवृत्तीही तशीच एकत्र आली.

जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखण्याचे मान्य करण्यात आले आणि त्यापलीकडच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा मार्ग मोकळा झाला. या पद्धतीत, जिला ‘वेट लीज’ म्हणतात, बस, चालक, इंधन आणि देखभाल कंत्राटदाराची असते. वाहक आणि तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाचे असते, आणि कंत्राटदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. ९ जुलै २०१९ पासून साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणण्यात आले. प्रवासी लक्षणीय वाढले. तिकिटाचे दर कमी ठेवणे आणि भाडेतत्त्वावर गाड्या वाढवणे हे पुढील काही वर्षांचे खरे अग्रक्रम ठरले.

अर्थसंकल्पाच्या दृष्टीने या पद्धतीचा परिणाम असा की गाडी घेण्याचा भांडवली खर्च किलोमीटरमागे द्यावयाच्या महसुली खर्चात रूपांतरित होतो. एकरकमी पैसा लागत नाही, ही तिची सोय. पण जी खरेदी पूर्वी पुढे ढकलता येत असे, तिची जागा न ढकलता येणाऱ्या मासिक देण्याने घेतली. कंत्राटदाराने माघार घेतली तर त्याच्या गाड्याही त्याच्याबरोबर जातात, आणि तसे मुंबईत घडलेही. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनाच्या मागणीसाठी काम बंद ठेवले, तेव्हा ज्या चालकांशी उपक्रमाचा थेट सेवाकरार नव्हता त्यांच्या संपाचा फटका उपक्रमाच्या प्रवाशांना बसला. २०२२ मध्ये २,१०० विजेरी बसगाड्यांचे कंत्राट देण्यात आले; त्या गाड्या अपेक्षेहून फार संथ गतीने आल्या. दरम्यान जुन्या गाड्या ठरल्या वेळी मोडीत निघत राहिल्या. २०२४ पर्यंत स्वमालकीच्या गाड्या ३,३३७ वरून एक हजाराच्या आसपास आल्या. करारातील आकडा कोणत्याही वर्षी औपचारिकपणे रद्द झाला नाही. त्यासाठी लागणारी खरेदी प्रत्येक वर्षी दुसऱ्या कशाच्या तरी मागे राहिली.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक नेमला गेला. बेस्ट समितीही उरली नाही. त्यानंतरचे अंदाज महाव्यवस्थापकांकडून प्रशासकांकडे गेले. यामुळे मंजुरी सुटसुटीत झाली, परंतु बसमार्ग बंद होणे किंवा गाड्यांची वारंवारिता घटणे अशा तक्रारींना समितीच्या बैठकीत मिळणारी नोंद या काळात मिळाली नाही. महापालिकेने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटी रुपयांचे अनुदान ठेवले. ९ मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बससाठी १० आणि वातानुकूलित बससाठी १२ रुपये झाले, आणि २०१९ पासूनचा स्वस्त भाड्याचा अग्रक्रम संपुष्टात आला.

पुणे : दोन महापालिकांची एक संस्था

पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल) २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन स्वतंत्र परिवहन संस्थांच्या विलीनीकरणातून निर्माण झाले. ही कंपनी असल्याने तिचे निर्णय संचालक मंडळात होतात. तथापि संचलनातील तूट दोन्ही महापालिका ६० : ४० या प्रमाणात उचलतात, त्यामुळे कोणताही मोठा अग्रक्रम दोन सभागृहांच्या तिजोरीशी बांधलेला असतो. एका महापालिकेने आपला हिस्सा दिला आणि दुसऱ्या महापालिकेचा रखडला, तर मंडळाने मंजूर केलेली खरेदीही अडते. कोणत्या शहरात किती गाड्या धावतात आणि कोणाचा वाटा किती, हा वाद त्यामुळे अर्थसंकल्पाच्या काळात हमखास डोके वर काढतो. शहराबाहेर सासवडपर्यंत जाणाऱ्या मार्गांचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न त्यातूनच पुढे आला, आणि महानगर क्षेत्राच्या विकास प्राधिकरणाला तुटीतील वाटेकरी करून घेण्याची मागणी झाली.