श्वार्ट्स चर्च, तंजावर

तमिळनाडू राज्यातील तंजावर येथील एक ऐतिहासिक प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर. ‘क्राइस्ट चर्च’ या नावानेही ते ओळखले जाते. बृहदीश्वर मंदिर ज्या लहान किल्ल्यात आहे, त्याच किल्ल्यात शिवगंगा तलावाजवळ ही छोटी वास्तू असून जर्मन ल्यूथरन मिशनरी क्रिस्टिआन फ्रीड्रिख श्वार्ट्स (१७२६–९८) याने ती १७७९ मध्ये उभारली. तंजावरच्या भोसले घराण्याशी आलेल्या निकट संबंधामुळे मराठ्यांच्या इतिहासातही तिला स्थान आहे.

हाल येथे शिक्षण घेतलेला श्वार्ट्स १७५० मध्ये ट्रँकेबार (तरंगंबाडी) या डॅनिश वसाहतीत आला. तेथे त्सीगनबाल्ग याने १७०६ मध्ये ल्यूथरन मिशनकार्यास प्रारंभ केला होता. पुढे तिरुचिरापल्ली येथे काम करून श्वार्ट्स १७७८ मध्ये तंजावरला स्थायिक झाला. तमिळ, मराठी, फार्सी इ. भाषा त्याला अवगत होत्या. हैदर अलीच्या स्वारीच्या वेळी किल्ल्यात धान्याची तीव्र टंचाई निर्माण झाली. पूर्वीचे मोल न मिळाल्याने शेतकरी धान्य आणीनात. श्वार्ट्सने स्वतः हमी घेतली, तेव्हाच ते धान्य घेऊन आले.

तुळजाजी राजाने १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्सच्या हवाली करण्याची इच्छा व्यक्त केली. तथापि गादीवर अमरसिंह आला. त्याच्या कारकीर्दीत सरफोजीचे रक्षण व शिक्षण यांकडे श्वार्ट्सने लक्ष पुरविले आणि त्याच्या वारसाहक्काचा कंपनी सरकारकडे पाठपुरावा केला. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आला. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्स मरण पावला होता.

चर्चमधील सर्वांत उल्लेखनीय वस्तू म्हणजे सरफोजीने इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी उत्थित शिल्प. मृत्युशय्येवरील श्वार्ट्स, त्याचा हात हाती घेतलेला सरफोजी, उशाशी मिशनरी गेरिके आणि जवळ उभी असलेली शाळेतील मुले असे दृश्य त्यात कोरलेले आहे. सरफोजीने धर्मांतर केले नाही. भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्याने १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिरातच कोरविला. त्यामुळे हे स्मारक धर्मनिष्ठेपेक्षा गुरुऋणाचे द्योतक ठरते.

ल्यूथरन मिशनचे येथील कार्य एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन संस्थेकडे गेले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ या संयुक्त चर्चच्या अखत्यारीत आता ही वास्तू आहे.