पिकअपच्या रेडिएटरमधील जुने कूलंट घरच्या घरी बदला



पहाटे तोडलेली मेथी, पालक, कोथिंबीर पिकअपमध्ये भरून आपण मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या बाजारात नेता. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून उपनगरांत थेट विक्रीसाठी स्वतःची गाडी घेऊन येणारे उत्पादक आता बरेच दिसतात. अशी गाडी वर्सोवा पुलाच्या किंवा घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कोंडीत गरम होऊन बंद पडली, तर पालेभाजी तासा-दोन तासांत माना टाकते. वर हेड गॅस्केट उडाले तर इंजिन उघडावे लागते. हे नुकसान बऱ्याच वेळा जुन्या कूलंटमुळे किंवा कूलंटऐवजी भरलेल्या विहिरीच्या पाण्यामुळे होते.

कूलंट काय काम करते?

कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. साधे पाणी १०० अंश सें. तापमानाला उकळते. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण १०६ ते १०८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो व उकळण्याचे तापमान आणखी वाढते. गाडी वेगात असताना समोरून येणारी हवा रेडिएटर थंड करते. कोंडीत ही हवा मिळत नाही, सर्व भार पंख्यावर येतो. म्हणून चांगल्या कूलंटची खरी गरज शहरातच लागते.

गंजरोधक द्रव्ये काळानुसार संपतात. मग ॲल्युमिनियम व लोखंड गंजू लागते आणि गाळ नळ्यांत बसतो.

कोणते पाणी वापरू नये?

जड पाण्यामुळे ठिबकचे ड्रिपर कसे चोंदतात हे आपण पाहतोच. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. गोराई-मनोरीसारख्या खाडीलगतच्या भागात विहिरीचे पाणी मचूळ असेल तर त्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला खाते. बोअरचे पाणीही टाळावे. मुंबई महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतील असल्याने त्या मानाने हलके असते. धुण्यासाठी ते चालेल, परंतु भरण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे.

केव्हा बदलावे?

जुन्या पद्धतीचे कूलंट साधारण दोन वर्षांनी, तर दीर्घ मुदतीचे सुमारे पाच वर्षांनी बदलतात. नेमका काळ गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कूलंट तांबूस, गढूळ झाले असेल तर मुदतीची वाट पाहू नये. फवारणीचे पाणी तपासण्यासाठी घरी सामू कागद असेल तर थंड कूलंटवर वापरून पाहावा. सामू ७ च्या खाली आल्यास ते निकामी समजावे. कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसला तर मात्र नुसते कूलंट बदलून भागणार नाही. गाडी मेकॅनिकला दाखवावी.

बदलण्याची पद्धत

१) गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना अडण्या लावाव्यात. इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव वाफेसह उसळून चेहरा व हात भाजतात. विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून किल्ली काढून ठेवावी.

२) हीटर असल्यास त्याची कळ गरम बाजूस ठेवावी. झाकण उघडावे. काही गाड्यांत ते रेडिएटरवर नसून प्लॅस्टिकच्या टाकीवर असते.

३) खाली पसरट टब ठेवून रेडिएटरच्या तळाचा निचरा स्क्रू सैल करावा. स्क्रू नसल्यास खालचा होजपाइप सोडवावा. निघालेले कूलंट मोजून ठेवावे.

४) स्क्रू बंद करून स्वच्छ पाणी भरावे व झाकण लावावे. इंजिन चालू करून वरचा होजपाइप गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे. नंतर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे व पाणी काढावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत असे करावे. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची असावी.

५) आता मात्रा. समजा, पुस्तिकेप्रमाणे एकूण क्षमता ८ लीटर आहे आणि ५ लीटरच निघाले. म्हणजे इंजिनात ३ लीटर पाणी राहिले. अशा वेळी आधी ४ लीटर निव्वळ कूलंट व नंतर १ लीटर डिस्टिल्ड वॉटर घालावे. निम्मे-निम्मे प्रमाण साधते. तयार मिश्रणाचे कूलंट घातल्यास आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होते. निव्वळ कूलंटच भरणेही चूक, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही.

६) झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवावे व पातळी खाली जाईल तसे भरत जावे, म्हणजे अडकलेली हवा निघते. बुडबुडे थांबले की झाकण घट्ट लावावे. टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा पाहावी व जोडांतून गळती नाही याची खात्री करावी.

हिरवे, लाल, निळे अशा रंगांवरून कूलंट निवडू नये. रंग कंपनीगणिक बदलतो. पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच घ्यावा व दोन प्रकार मिसळू नयेत.

जुन्या कूलंटची विल्हेवाट

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी आहे. शरीरात त्याचे ऑक्झॅलेट तयार होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. निव्वळ ग्लायकॉल कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारे ५ मि.लि. पोटात गेले तरी ते दगावू शकते. वासरे, शेळ्या व लहान मुले यांनाही तोच धोका आहे. म्हणून भरलेला टब अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात उघडा सोडू नये. सांडलेल्या जागी माती टाकून ती गोळा करावी व जागा धुवावी.

जुने कूलंट शेणखताच्या खड्ड्यात, गोबरगॅसमध्ये, विहिरीजवळ, गटारात किंवा दहिसर, पोयसर, मिठी यांसारख्या नद्यांत ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर 'विषारी' असे लिहावे व अधिकृत सर्व्हिस स्टेशन घेत असल्यास तेथे द्यावे. ते घेतात का, हे काम सुरू करण्यापूर्वीच विचारावे. पिण्याच्या पाण्याची बाटली यासाठी वापरू नये. कोणाच्या पोटात गेल्यास घरगुती उपाय करत न बसता त्वरित दवाखान्यात न्यावे. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यकास लगेच बोलवावे.

वाटेत काटा वर गेल्यास

गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर अडचणीपुरते स्वच्छ पाणी भरून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. घरी आल्यावर गळती शोधून कूलंटचे प्रमाण पूर्ववत करावे.

भाजीच्या हंगामापूर्वी पंप व फवारणी यंत्राची आपण जशी देखभाल करता, तशीच एक सकाळ रेडिएटरसाठी ठेवावी. कूलंट बदलल्याची तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढची वेळ चुकणार नाही.