कचऱ्याचे चार डबे : इंदूरच्या दारात काय घडते?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2026 मध्ये नवे घनकचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. ते 2016 च्या नियमांची जागा घेतात आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी 1 एप्रिल 2026 ही तारीख ठरविण्यात आली आहे. घरगुती कचऱ्यापुरता पाहिल्यास त्यांतील मुख्य बदल एकच आहे. यापुढे कचरा घरातूनच चार भागांत वेगळा निघाला पाहिजे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर व सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून तिसऱ्या डब्यात, तर रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे तापमापक आणि उरलेली औषधे चौथ्यात जातील. 2016 च्या नियमांतही घरगुती घातक कचरा वेगळा काढण्याची तरतूद होतीच. व्यवहारात मात्र देशभर ‘ओला-सुका’ या जोडशब्दापुढे फारशी मजल गेली नाही.

त्यामुळे चार डब्यांचा नियम ऐकताच उमटणारी शंका रास्त आहे. दोन डबे जेथे नीट सांभाळले जात नाहीत, तेथे चार कसे सांभाळणार? या शंकेला आज तरी सर्वांत सविस्तर उत्तर देणारे शहर होळकरांचे इंदूर आहे. तेथे घरगुती कचरा चार नव्हे, सहा प्रकारांत घेतला जातो : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा.

2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसाव्या क्रमांकावर होते. रस्त्यारस्त्यांवर कचराकुंड्या होत्या आणि त्यांच्याभोवती मोकाट गुरे. महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह यांच्या काळात दोन प्रभागांपासून दारोदार संकलन सुरू झाले, मग ते सर्व 85 प्रभागांत पोहोचले आणि कुंड्या हटविण्यात आल्या. 2017 मध्ये शहर पहिले आले. तेव्हापासून ते स्थान त्याने सोडलेले नाही. 2023 च्या सर्वेक्षणात मात्र सुरतबरोबर वाटून घेतले. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेल्या निकालात अव्वल शहरांची ‘सुपर स्वच्छ लीग’ ही वेगळी श्रेणी करण्यात आली. तेथेही इंदूरच पुढे होते.

या यशाचे श्रेय बहुधा ‘लोकांच्या शिस्ती’ला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंदुरी माणूस जन्मतः गोवेकरापेक्षा शिस्तप्रिय असतो, असे मानण्याचे काही कारण नाही. रात्री उशिरापर्यंत सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाणारे ते शहर आहे. शिस्त आली, कारण कचरा दारातून निघाल्यावर पुन्हा कोठेही एकत्र होत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सकाळी गाणे वाजवीत येणाऱ्या गाडीतच वेगवेगळे कप्पे आहेत. मिसळलेला कचरा आणला तर गाडीवरचा मदतनीस तो परत करतो, पुन्हा तसेच घडले तर दंड होतो. गाड्यांवर जीपीएसने नजर ठेवली जाते. येथून कचरा हस्तांतरण केंद्रावर जातो आणि तेथेही ओला व सुका वेगवेगळ्या यंत्रांत दाबून मोठ्या वाहनांत चढविला जातो. घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र ओतला जाताना एकदा दिसला, की त्या घरातला दुसरा डबा संपलाच. हा अनुभव कोणत्याही गावच्या वाचकाला नवा नसावा.

साखळीचे दुसरे टोक त्याहून महत्त्वाचे आहे. देवगुराडियाच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे साचलेला सुमारे 13 लाख टन कचरा 2018 मध्ये, आयुक्त आशिष सिंह यांच्या कारकिर्दीत, यंत्रांनी चाळून हटविण्यात आला आणि सुमारे 100 एकर जमीन मोकळी झाली. त्याच परिसरात फेब्रुवारी 2022 मध्ये ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनविणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता दिवसाला 550 टन कचऱ्याची असून त्यातून सुमारे 17 हजार किलो गॅस आणि 100 टन खत मिळावे, अशी रचना आहे. महापालिकेने येथे खासगी कंपनीला पैसे देण्याचा नेहमीचा करार केला नाही. उलट कंपनीच पालिकेला दरवर्षी अडीच कोटी रुपये देते आणि शहराच्या बसगाड्यांना बाजारभावापेक्षा पाच रुपये कमी दराने गॅस पुरविते.

कंपनीला हे परवडते, कारण तिच्या दारात येणारा ओला कचरा खरोखरच ओला असतो. जिवाणूंच्या टाकीत काच, कापड, प्लास्टिक शिरले की गॅस घटतो, यंत्रे अडतात आणि खत शेतकऱ्याने घेण्याजोगे उरत नाही. भाजीच्या देठांतून प्लास्टिकची पिशवी वेगळी काढण्याचे स्वयंपाकघरातील दहा सेकंदांचे काम या साऱ्या आर्थिक गणिताच्या मुळाशी आहे.

इंदूरचे कौतुक करताना एक भान ठेवलेले बरे. 2025 च्या अखेरीस याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत दूषित पिण्याच्या पाण्यामुळे शेकडो लोक आजारी पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. घनकचऱ्याची उत्तम यंत्रणा म्हणजे संपूर्ण नागरी आरोग्य नव्हे. मानांकनाच्या तक्त्यात जमिनीखालची गळकी वाहिनी दिसत नाही.

गोव्याच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल वेगळे आहे. येथे एकच मोठी महापालिका नाही. पणजी महापालिका, तेरा नगरपालिका आणि 191 पंचायती असा विखुरलेला कारभार आहे. प्रकल्पांची तशी वानवा नाही. साळगावचा प्रकल्प 2016 पासून चालू आहे, काकोड्याचा त्यानंतर आला आणि दोन्हीकडे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस घेतला जातो. पणजीने तर इंदूरच्या कितीतरी आधी रस्त्यावरच्या कुंड्या हटविल्या आणि काही गृहसंकुलांत सोळा प्रकारांपर्यंत वर्गीकरण करून दाखविले. म्हणजे गोवेकराला हे जमत नाही, असे म्हणता येणार नाही. तथापि याच राज्यात मडगावच्या सोनसड्यावर पिढ्यान्‌पिढ्या कचरा साचला. मे 2019 मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर आसपासच्या वस्त्यांनी कित्येक दिवस श्वासात घेतला.

बायंगिणीच्या नियोजित प्रकल्पाला झालेला विरोधही याच संदर्भात पाहावा लागतो. कचरा प्रकल्प म्हणजे दुर्गंधी, अशी लोकांची धारणा मिश्र कचऱ्याच्या अनुभवातून बनली आहे आणि ती चुकीची नाही. चिंचोळ्या राज्यात नवी जागा मिळणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार. अशा वेळी आहे त्या प्रकल्पांत शुद्ध ओला कचरा पोहोचविणे हाच स्वस्त मार्ग उरतो.

नव्या नियमांनी या दिशेला पैशांची जोड दिली आहे. वर्गीकरण न करता कचरा भराव क्षेत्रावर पाठविणाऱ्या स्थानिक संस्थेला जास्त शुल्क मोजावे लागेल. दिवसाला 100 किलो वा अधिक कचरा निर्माण करणारे, 20 हजार चौरस मीटर वा अधिक क्षेत्राचे अथवा दिवसाला 40 हजार लिटर वा अधिक पाणी वापरणारे आस्थापन ‘मोठा कचरा उत्पादक’ ठरेल. त्याने आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आहे. कळंगुट ते कोळव्यापर्यंतची अनेक हॉटेले आणि मोठी गृहसंकुले या व्याख्येत येऊ शकतात. त्यांचा ओला कचरा पंचायतीच्या गाडीतून वगळला गेला, तर त्याच गाडीत सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी दोन कप्पे बसविण्याइतकी जागा सहज निघेल.

त्यांतील सॅनिटरी कप्प्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. आज वापरलेले डायपर सुक्या कचऱ्यात मिसळून येते, तेव्हा वर्गीकरणाच्या पट्ट्यावर ते कुणीतरी हाताने वेचून बाजूला काढत असते. बहुतेक ठिकाणी हे काम करणाऱ्या स्त्रियाच असतात.