वाटी नंबर तीन

पूर्वी घरी पाहुणे आले की लिंबाचं सरबत व्हायचं, फार तर कोकम. आता पोराला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं जातं आणि पाच मिनिटांत फॅमिली पॅक टेबलावर हजर! बारसं असो, वाढदिवस असो नाहीतर दहावीचा निकाल, आईस्क्रीमशिवाय पान हलत नाही. पण मैत्रिणींनो, एक विचारू? साडी घेताना आपण पदर, काठ, किनार सगळं उलटसुलट करून बघतो. दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करतो. मग दीडदोनशे रुपयांचा आईस्क्रीमचा डबा आपण झाकणावरचा आंबा बघूनच कसा काय उचलतो?

हा प्रश्न आमच्या बचत गटात निघाला, त्यालाही कारण होतं. एसटी स्टँडजवळ गटाचा छोटा स्टॉल आहे. चहा, पोहे, घरचे लाडू-चिवडा असं तिथे चालतं. उन्हाळ्यात चहाचा खप निम्मा होतो, म्हणून यंदा आईस्क्रीम ठेवायचं ठरलं. एका वितरकाचा माणूस आला आणि म्हणाला, "ताई, फ्रीझर फुकट देतो, फक्त त्यात दुसऱ्या कुणाचा माल ठेवायचा नाही." दोघीतिघी लगेच तयार झाल्या. पण आमच्या खजिनदार वहिनी भारी हुशार. त्या म्हणाल्या, "फ्रीझर फुकट, पण गिऱ्हाईक आपलं आहे ना? आधी माल खाऊन बघू." आणि अशा रीतीने आमच्याकडे आईस्क्रीमची रीतसर परीक्षा झाली.

परीक्षा म्हटल्यावर नियम आले. गावात मिळणारे पाच वेगवेगळे व्हॅनिलाचे डबे आणले. व्हॅनिलाच का? तर चॉकलेट, बटरस्कॉच यांच्या दणदणीत चवीखाली सगळं झाकून जातं. व्हॅनिलात लपायला जागा नसते. साधं वरण जसं बाईच्या हाताची परीक्षा घेतं, तसंच हे! दोघीजणी आत डबे फोडून स्टीलच्या वाट्यांत काढत होत्या आणि वाटीखाली नंबर चिकटवत होत्या. बाहेर बसलेल्या बाराजणींना कुठल्या वाटीत काय आहे याचा पत्ता नव्हता. प्रत्येकीला कागद-पेन्सिल आणि प्रत्येक वाटीनंतर एक घोट साधं पाणी. लिहून होईपर्यंत "अय्या, मस्त!" असं म्हणायची बंदी. कारण एक जण बोलली की बाकीच्या माना डोलावतात, हे आपल्याला सभेच्या अनुभवावरून माहीत आहेच.

वीस गुण ठेवले होते. चवीला दहा, जिभेवरच्या मऊपणाला पाच आणि पूर्ण विरघळल्यानंतरच्या चवीला पाच. या शेवटच्या पाच गुणांवरून बरीच कुरकुर झाली. वितळलेलं आईस्क्रीम कोण खातं? पण त्यामागे शास्त्र आहे. गारव्याने जीभ थोडी बधिर होते आणि गोडी कमी जाणवते. म्हणून आईस्क्रीममध्ये साखर दडपून घातलेली असते. तेच वितळू द्या आणि चमचाभर चाखा. साखर, इसेन्स, दूध, तेल सगळं आपापल्या नावाने हाक मारतं.

निकाल लागला. वाटी नंबर तीन पहिली, तीही मोठ्या फरकाने. पिवळसर रंग, गोड, एकदम गुळगुळीत. वाटी नंबर एक आणि पाच जवळजवळ बरोबरीत. चार नंबर सपक. दोन नंबरमध्ये तर बर्फाचे खडे कचकचत होते. गंमत म्हणजे वितळल्यानंतरच्या गुणांत तीन नंबरच सगळ्यात खाली गेली. "टाळूला मेण लावल्यासारखं वाटतंय," असं तिघींनी वेगवेगळं लिहिलं होतं. तिथे पहिल्या आल्या एक नंबर आणि पाच नंबर.

मग आतून डबे आणले आणि एकेकावरचं वाचायला सुरुवात केली. तीन नंबरच्या डब्यावर 'आईस्क्रीम' हा शब्दच नव्हता! समोर फुलं, क्रीमचे लोट, मोठ्ठं 'व्हॅनिला' आणि खाली बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट'. मागे घटकांच्या यादीत खाद्य वनस्पती तेल.

आमच्यात दोघीजणी गोठेवाल्या आहेत. त्यातल्या एक, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "पहाटे चारला उठून धारा काढायच्या आम्ही. डेअरीवर फॅट कमी लागलं म्हणून भाव कापून घ्यायचा आम्ही. आणि माझीच नातवंडं दूध समजून तेल खातायत होय?" त्यांचं चुकलं का? २०२४ साली आपल्या राज्यात गायीच्या दुधाचे भाव इतके पडले होते की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. एकीकडे दुधाला भाव नाही आणि दुसरीकडे दुधाच्या नावाखाली आपण भलतंच घेतोय.

तेवढ्यात शाळेजवळ गाडी लावणाऱ्या आमच्या एक ताई म्हणाल्या, "अक्का, खरं आहे तुमचं. पण दहा रुपये घेऊन येणाऱ्या पोराला मी काय देऊ? त्यालाही गारेगार पाहिजेच की." त्यांचंही चुकलं नाही. खोलीत दोन तट पडले. वातावरण तापलं आणि वाट्यांतलं आईस्क्रीम पाघळलं!

म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी समजून घेऊ. आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे नुसतं 'आईस्क्रीम' म्हणवून घ्यायचं असेल तर त्यात किमान दहा टक्के दुधाचं फॅट लागतं. स्निग्धांश दुधाचाच पाहिजे. तो त्याहून कमी असेल तर 'मीडियम फॅट' किंवा 'लो फॅट' असं लिहावं लागतं. दुधाच्या फॅटऐवजी खाद्यतेल किंवा वनस्पतीजन्य फॅट वापरलं की त्याचं नाव 'फ्रोझन डेझर्ट'. हे विष नाही बरं का. ते कायदेशीर आहे, त्यात दुधाचे इतर घटकही असतात आणि ते स्वस्त पडतं. याच्यावरून मोठ्या कंपन्याही कोर्टात गेल्या आहेत. २०१७ मध्ये अमूलने टीव्हीवर जाहिरात केली की खरं आईस्क्रीम दुधाचं आणि फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल. त्याविरुद्ध हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती जाहिरात थांबवली. खाद्य वनस्पती तेल आणि वनस्पती तूप, म्हणजे आपल्या भाषेत डालडा, हे एक नव्हे, हा त्यातला वादाचा मुद्दा होता. तेव्हा फ्रोझन डेझर्टला डालडा म्हणून हिणवू नका, पण त्याला आईस्क्रीमही समजू नका. ज्याचं नाव त्याला, आणि ज्याचा भाव त्याला. एवढंच.

दुसरी गोष्ट वजनाची. आमच्या खजिनदार वहिनींनी घरून वजनकाटा आणला होता. आईस्क्रीम लिटरवर विकलं जातं, किलोवर नाही. का? कारण त्यात हवा फेटलेली असते. हवा नसती तर ते बर्फाच्या लादीसारखं कडक झालं असतं, तेव्हा हवा हवीच. पण किती? नियमाप्रमाणे एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे जवळजवळ निम्मी हवा चालते. दोन डबे आकाराने सारखे, भावाने सारखे, पण एक हाताला जड लागला तर तो घ्या. त्यात माल जास्त आहे. बऱ्याच डब्यांवर मिलिलिटरसोबत ग्रॅमही छापलेले असतात. आपण भाजी हातात तोलून घेतो, तसा डबाही तोलून बघायचा.

इथेच जेलाटोची गोष्ट सांगते. एका मैत्रिणीच्या भाचीने पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात दोन छोटे डबे आणले होते, एक पिस्ता आणि एक डार्क चॉकलेट. त्या भावात आपल्याकडे दोन फॅमिली पॅक येतात! जेलाटो हा प्रकार इटलीचा. शब्दाचा अर्थ नुसता 'गोठवलेलं'. त्यात साय कमी आणि दूध जास्त, हवा अगदी थोडी. आईस्क्रीमपेक्षा ते थोडं कमी गार असताना खातात, त्यामुळे चव जिभेला लवकर कळते. म्हणून फ्रीझरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलं. डबा लहान पण हाताला जड. पिस्ता बघून सगळ्यांची निराशा झाली, कारण रंग मातकट, शेवाळी. पण चमचा तोंडात गेला आणि सगळ्या गप्प! भाजलेल्या पिस्त्याची खरी चव. आपल्याकडचा पोपटी पिस्ता बाजूला ठेवला, तर त्याला नुसता इसेन्सचा वास. त्याच्या डब्यावर रंगांचे १०२ आणि १३३ असे आकडे होते. म्हणजे पिवळा आणि निळा मिळून हिरवा! पिस्त्याला एवढा हिरवागार रंग कुठून येणार, तुम्हीच सांगा. चॉकलेट जेलाटो मात्र आमच्या मंडळींना कडू लागलं. वीसपैकी बारा. "एवढे पैसे देऊन कडू कोण खाणार?" हा अक्कांचा शेरा.

आंब्याच्या फेरीत मात्र आपल्या इकडच्या एका साध्या डब्याने बाजी मारली. मागे आंब्याच्या गराचं प्रमाण टक्क्यात छापलेलं होतं आणि चवीला ते पटत होतं. खऱ्या फळाचं आईस्क्रीम आपल्याला परकं नाही. मुंबईत जुहूला १९८४ साली नॅचरल्सचं पहिलं दुकान निघालं, तेव्हापासून सीताफळ, शहाळं अशी आईस्क्रीमं लोकांनी डोक्यावर घेतली. आणि त्याच्याही आधी लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ घालून, आळीपाळीने दांडा फिरवून केलेलं पॉट आईस्क्रीम आपल्यातल्या कितीजणींनी खाल्लंय! त्यात दूध, साखर, आमरस. यादी तिथेच संपायची.

यादीवरून आठवलं. गवार गम किंवा ४१२, ४०७, ४७१ असे आकडे बघून घाबरू नका. ते घट्टपणा टिकवायला आणि बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून घालतात. आईस्क्रीम लवकर वितळत नाही म्हणजे त्यात प्लॅस्टिक आहे, असले निरोप मोबाईलवर फिरतात, ते पुढे पाठवू नका. उशिरा वितळतं ते या गममुळे आणि आतल्या हवेमुळे.

मग दोन नंबरच्या वाटीत कचकच का होती? तो डबा चांगला दुधाचा होता. पण आईस्क्रीम उणे १८ अंशांवर राहायला हवं. वीज गेली किंवा दुकानदाराने रात्री फ्रीझर बंद केला की ते वितळतं आणि सकाळी पुन्हा गोठतं. त्यातून हे खडे तयार होतात. डबा वाकडा झालेला, झाकणाच्या आत बर्फाची जाड पापुद्री, आईस्क्रीम कडेने सुटून खाली बसलेलं दिसलं तर सरळ परत करा. लाजायचं काय त्यात? मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे.

शेवटी आम्ही काय ठरवलं? फुकटचा फ्रीझर नको म्हणून सांगितलं. गटाच्या बचतीतून जुना फ्रीझर घेतला, त्याचा हप्ता दरमहा भरतो आहोत. त्यात दोन कप्पे केले. वर पाटी लावली, 'दुधाचं आईस्क्रीम' आणि 'खाद्यतेलाचं फ्रोझन डेझर्ट', दोन्हींचे भाव ठळक अक्षरात. अक्कांना फ्रोझन डेझर्ट ठेवायचंच नव्हतं. गाडीवाल्या ताईंना ते हवंच होतं. मतदान झालं आणि पाटीवर एकमत झालं. पाटी वाचून काही गिऱ्हाइकं बिचकतात. काही विचारतात, काही दहा रुपयांचा कप घेऊन हसत जातात. खप थोडा कमी झालाय, खोटं कशाला सांगू? पण परवा अक्कांच्या सुनेने स्वतःहून डबा उलटा करून वाचला, आणि अक्कांची मान ताठ झाली.

तुमच्या मंडळातही हा खेळ करून बघा. चार डबे, बारा वाट्या, कागद-पेन्सिल, खर्च वर्गणीतून. २२ सप्टेंबर २०२५ पासून आईस्क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तो फायदा भावात दिसतोय का तेही तपासा. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, तारीख कोणती, 'आईस्क्रीम' हा शब्द आहे की नाही, एवढं दुकानातच बघायचं. चष्मा पर्समध्ये ठेवा, अक्षरं मुद्दाम बारीक असतात! आणि मग मनसोक्त खा. दुधाचं खा नाहीतर तेलाचं, निवड तुमची. पण काय खातोय ते माहीत असू द्या.