कुलूपबंद चाक

मोटारीचे चाक ज्या चार-पाच नटांनी जखडलेले असते, त्यांचे काम चाकाला नुसते अडकवून ठेवण्याचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः योग्य बळाने आवळलेला नट आपल्या बोल्टाला किंचित ताणतो, आणि ताणलेल्या पोलादाची पूर्वस्थितीला येण्याची जी स्वाभाविक ओढ, तिच्या योगाने चाकाचा मधला भाग हबच्या तोंडाशी दाबून धरला जातो. १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावरील नट ११० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळला, म्हणजे हा दाब एकेका नटामागे चार टनांच्या घरात जातो. गाडीचा भार, वळणावरील रेटा आणि ब्रेकचा झटका ही सर्व या दाबातून उत्पन्न होणाऱ्या घर्षणाच्या भरवशावर असतात.

लोखंडी पत्र्याच्या काळ्या चाकांवर चोराची दृष्टी सहसा जात नसे. मिश्रधातूची देखणी व महागडी चाके आली, आणि रात्री रस्त्याकडेला उभी केलेली गाडी सकाळी विटांवर टेकलेली आढळण्याचे प्रकार शहरांतून घडू लागले. त्यावर बंदोबस्त म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट असा घडवितात की, त्याला पाना धरण्याजोगे षट्कोनी अंगच नसते. बाहेरून तो गोल व गुळगुळीत असून त्याच्या माथ्यावर नागमोडी खाच कोरलेली असते. त्या खाचेशी तंतोतंत जुळणारे कंगोरे ज्याच्या तोंडावर आहेत आणि दुसऱ्या टोकाला ज्यावर नेहमीचा पाना बसतो, असा अंगठ्याएवढा पोलादी तुकडा ही त्याची चावी. चावीवर किंवा तिच्यासोबतच्या कार्डावर सांकेतिक क्रमांक असतो, व तो हाताशी असल्यास त्याबरहुकूम दुसरी चावी मागविता येते. परंतु चावी गेली आणि क्रमांकाचीही नोंद राहिली नाही, म्हणजे हे कुलूप चोर आणि मालक यांच्यात काडीचाही भेद करीत नाही.

याचा प्रत्यय मला खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या फाट्याकडे येताना आला. गाडी दुसऱ्याच्या वापरातून माझ्या ताब्यात आलेली होती, आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका लोखंडी पट्टीने तिच्या मागच्या डाव्या टायरची बाजू चिरली. टायरच्या माथ्यात खिळा शिरला असता, तर ट्यूबलेस टायरच्या बाबतीत चाक न काढताच भोकात रबराची चिकट पट्टी खुपसून काम भागले असते. पण टायरची बाजू धावताना अखंड वाकत असल्यामुळे तेथे ठिगळ टिकत नाही, आणि चाक उतरवून स्टेपनी चढविण्यावाचून गत्यंतर उरत नाही. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. डिकीतील गालिचा उचलून पाहिला, जॅकची खोबण, समोरचा कप्पा आणि दारांचे खिसे धुंडाळले. चावी मात्र कोठेही नव्हती.

फाट्याजवळच्या गॅरेजातून एक वयस्क मिस्त्री आपल्या तरुण सहकाऱ्यासह दुचाकीवरून हत्यारांची पेटी घेऊन आले. त्यांनी प्रथम गाडीच्या चाकांना पुढे-मागे दगड लावविले, हँडब्रेक ओढलेला असल्याची खातरजमा केली, आणि मग चाकाजवळ उकिडवे बसून बराच वेळ केवळ पाहण्यात घालविला. नटाच्या माथ्यावरील माती त्यांनी तारेच्या ब्रशने झाडली, खाचेत बोट फिरविले, आणि नटाभोवतालची बाहेरची कडी स्वतंत्रपणे फिरते की काय हे पकडीने पाहिले. कारण काही लॉक नटांवर अशी फिरती कडी मुद्दाम बसविलेली असते, व तिच्यावर कितीही घट्ट ठोकलेली गोटी नुसतीच गरगरत राहते. या नटाला तशी कडी नव्हती.

“साहेब, चावी गावली असती तर धा मिंटाचं काम,” ते म्हणाले. “आता नट तोडून चालायचं न्हाई, त्याला धरायला लागंल. घाई केली तर रिम जाईल.”

यानंतर त्यांनी जे केले, ते मला प्रथमदर्शनी विपरीत वाटले. उरलेले चार नट सैल करण्याऐवजी त्यांनी ते पान्याने आणखी थोडे आवळले. चाक दाबून धरण्याचे काम पाच नटांत विभागलेले असते. त्यांतील चौघांनी आपला वाटा किंचित वाढवून घेतला, म्हणजे पाचव्यावरील ताण तेवढ्या प्रमाणात उतरतो, आणि तो फिरविण्यास लागणारे बळही कमी होते. मग बोल्टाच्या आट्यांवर गंज सोडविणारे तेल सोडून ते मुरेपर्यंत ते शांतपणे गोट्या निवडीत बसले. षट्कोनी गोटीची पकड गोल अंगावर लागत नाही, म्हणून त्यांनी आत बारा कंगोरे असलेली जुनी गोटी घेतली, आणि तीही नटाच्या व्यासाहून अंमळ लहान. रिमची कड ओरबाडू नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा खोबणीत गुंडाळून बसविला, आणि सहकाऱ्याने गोटी बोल्टाच्या रेषेत सरळ धरल्यावर वजनदार हातोड्याचे मोजके ठोके घातले. तिरपा ठोका बोल्टाला वाकवितो व वारेमाप ठोक्यांचा धक्का थेट चाकाच्या बेअरिंगला पोहोचतो, हे ते काम करता करताच सहकाऱ्यास समजावून देत होते.

पहिली गोटी घसरली. लॉक नटाचे पोलाद मुद्दाम कठीण केलेले असल्याने तिच्याच कंगोऱ्यांची धार मोडली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि तिच्याहून एक माप लहान गोटी घेतली. या खेपेस ठोक्याचा आवाज बदलला. पोकळ खणखणाटाच्या जागी भरीव, बसका नाद येऊ लागला, आणि गोटीने नटाचे अंग धरल्याची ती निशाणी होती. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून त्यांनी हिसका न देता आपल्या शरीराचा भार सावकाश त्यावर टाकीत नेला. चाक जमिनीवर टेकलेलेच होते, कारण ते आधी जॅकवर उचलले असते, तर हा जोर गाडीलाच जॅकवरून ढकलण्यात खर्च झाला असता. काही क्षण काहीच घडले नाही; नंतर एक कोरडा कडाका ऐकू आला, आणि नट पाव फेरा फिरला. पुढचे काम हातासरशी झाले.

त्यांच्यापुढे इतर उपायही होते, आणि ते का टाळले हे मी विचारून घेतले. उलट आट्यांची गोटी, जी सोडविण्याच्या दिशेने फिरविताच नटात अधिकाधिक रुतत जाते, ती या कामी उत्तम. पण त्या मापाची त्यांच्याजवळ नव्हती. नटावर दुसरा नट वेल्डिंगने जोडून तो फिरविता येतो, तथापि ती उष्णता रिमचा रंग जाळते व बेअरिंगचे ग्रीस वितळविते, शिवाय शेजारी रबर असल्याने आगीचेही भय. ड्रिलने नट कोरून काढणे हा अखेरचा इलाज, कारण कठीण पोलादावर ड्रिल बोथटते व घसरून बोल्टाचाच नाश करते. मोडण्याच्या या विद्येत खरा कस लागतो तो शेजारचे वाचविण्यात. ज्या एका नटाचा बळी द्यायचा त्याच्यावर त्यांनी जेवढे लक्ष वेचले, त्याहून किती तरी अधिक रिम, बोल्ट आणि बेअरिंग यांच्यावर वेचले, आणि मला त्यांच्या कौशल्याचे मर्म तेथेच दिसले.

स्टेपनी चढविल्यावर पाचव्या बोल्टावर साधा नट आला, आणि त्याची निवडही डोळसपणे झाली: आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर, आणि बूड इतर नटांप्रमाणे शंकूच्या आकाराचे. बूड गोलाईचे असते तर ते रिमच्या खोबणीत पुरते टेकले नसते व नट कालांतराने सैल झाला असता. सर्व नट आधी बोटांनी फिरवून, मग एकाआड एक अशा चांदणीच्या क्रमाने आवळले, आणि चाक जमिनीवर टेकल्यावर मोजमापाच्या पान्याने अखेरचा पीळ दिला. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासून घेण्याची ताकीद देऊन त्यांनी उरलेल्या तीन चाकांचे लॉक नटही गॅरेजात नेऊन त्याच दिवशी उतरविले, कारण जी अडचण आज दिवसाउजेडी आली ती उद्या भररात्री घाटात येऊ शकते.

चावी हरवण्याचा सर्वांत रूढ मार्ग त्यांनी मला सांगितला, तो असा की, चाकांचे एखादे काम झाल्यावर ती पान्याच्या तोंडातच राहून जाते आणि गाडी तिच्यावाचून बाहेर पडते. हवेच्या गनने जोरात फिरविल्याने तिचे कंगोरे तुटणे हा दुसरा. म्हणून ही चावी नेहमी हाताच्या पान्यानेच वापरावी, आणि गाडी कामावरून परत घेताना ती आपल्या हाती मोजून घ्यावी. गाडीचा सौदा करताना नोंदणीचे पुस्तक व विम्याचा दस्तऐवज जसा आपण पाहतो, तशीच ही चावी मागून, विकणाऱ्यासमक्ष एका नटावर बसवून पाहावी. तिचा क्रमांक गाडीबाहेर, घरच्या कागदपत्रांत टिपून ठेवावा. आणि घरातील जे जे कोणी ती गाडी चालवितात, त्या प्रत्येकास चावीची जागा ठाऊक असावी. कारण टायर फाटण्याची वेळ ज्याच्यावर येईल, तो त्या घटकेला गाडीचा मालकच असेल असे नाही.