फाटक उघडं राहिलं तर?

घंटेचा कर्कश आवाज झाला की स्वमग्न मूल कधीकधी दोन्ही कान दाबून दिसेल त्या दारातून पळत सुटतं. तो खोडकरपणा नसतो. अशा वेळी फाटकाला कडी होती का आणि तिथे कोण उभं होतं, याचं उत्तर शाळेनेच द्यायचं असतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम १६ सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या प्रत्येक शाळेला लागू आहे. आवार सुगम हवं, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय हवी, ने-आण हवी. जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसाचीसुद्धा. ही शेवटची तरतूद फार थोड्या पालकांना ठाऊक असते, याचं वाईट वाटतं.

मुलाला त्रास होईल असं जाणूनबुजून दुर्लक्ष शाळेतल्या कर्मचाऱ्याने केलं, तर बालन्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७५ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये केंद्राने शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

प्रवेशाच्या वेळी ‘काही झाल्यास शाळा जबाबदार नाही’ असं लिहून घेतलं, तरी कायद्याने घातलेलं कर्तव्य त्या कागदाने पुसलं जात नाही.